ओलाव्याचा आकडा कुठे चुकतो?

औषधाच्या वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ अशी एक ओळ बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पावसाळ्यात पापड सादळतात, मिठाला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक असते. औषधांचेही तसेच होते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. अॅस्पिरिनची जुनी बाटली उघडल्यावर कधीकधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो याच ओलाव्याचा पुरावा. पाण्याच्या संसर्गाने अॅस्पिरिनचे विघटन होऊन त्यातून सॅलिसिलिक आम्ल आणि अॅसेटिक आम्ल तयार होते; वास येतो तो दुसऱ्याचा. लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या काही प्रतिजैविकांतील क्लॅव्हुलॅनिक आम्ल तर ओलाव्याच्या बाबतीत इतके नाजूक, की असे सिरप कोरड्या पुडीच्या रूपातच विकावे लागते आणि पाणी ऐनवेळी मिसळावे लागते.

म्हणून अशी औषधे कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी त्यांत पाणी किती आहे, हे मोजले जाते. पाणी जास्त झाले तर औषध बिघडते. पण काही वेळा ते कमी असणेही दोषच ठरतो. अॅमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट या सर्वपरिचित प्रतिजैविकाच्या स्फटिकात औषधाच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन रेणू बांधलेले असतात. वजनाच्या हिशेबात हे पाणी १२.९ टक्के भरते. औषधकोशांनी त्यासाठी ११.५ ते १४.५ टक्के अशी मर्यादा आखून दिली आहे. तिच्या अलीकडे किंवा पलीकडे आकडा गेला, की अख्खी बॅच अडते.

हा आकडा काढण्याची जगभर मान्य असलेली पद्धत म्हणजे कार्ल फिशर अनुमापन. प्रयोगशाळेच्या बोलीत तिला नुसते ‘केएफ’ म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून तारापूर, महाड आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या औषध कारखान्यांत या पद्धतीचे यंत्र हे नेहमीच्या वापराचे उपकरण आहे. नमुना टाकला, बटण दाबले, की काही मिनिटांत उत्तर पडद्यावर उमटते, तेही दशांशानंतर दोन-तीन आकड्यांपर्यंत. पण हे उत्तर खरे की खोटे, हे बटण दाबण्यापूर्वीच ठरलेले असते. यंत्रात कोणते रिएजंट भरले आणि नमुना कसा तयार केला, या दोन निर्णयांवर सारे अवलंबून असते. यातला एक जरी चुकला तरी यंत्र तक्रार करीत नाही. ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवते.

नुसते तापवून का भागत नाही?

पाणी मोजायचे तर पदार्थ वजन करून भट्टीत तापवावा, पुन्हा वजन करावे आणि जी घट येईल ते पाणी समजावे, हा सर्वांत सोपा मार्ग. अनेक पदार्थांसाठी तो आजही वापरला जातो. परंतु त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की तापवल्यावर केवळ पाणीच उडते असे नाही. लवंग किंवा हळद १०५ अंश सेल्सिअसला ठेवली तर तिच्यातील सुगंधी तेलही उडू लागते आणि ते सारे पाण्याच्या खात्यावर जमा होते. औषधांत तर निर्मितीच्या वेळी वापरलेल्या विद्रावकाचे अंश राहिलेले असतात, तेही उडतात.

दुसरी अडचण याच्या उलट. स्फटिकात घट्ट बांधलेले पाणी साध्या उष्णतेने निघतेच असे नाही आणि ते निघेपर्यंत तापवावे तर पदार्थ स्वतःच जळू लागतो. शिवाय या सगळ्याला काही तास लागतात. त्यामुळे इतर कशालाही न शिवता नेमके पाण्याशीच हिशेब करील, अशा रासायनिक प्रक्रियेची गरज होती. ती गरज भागली बर्लिनमध्ये, १९३५ साली.

बर्लिनमधील शोध

कार्ल फिशर हे बर्लिनमधील एडेलेआनू या कंपनीत काम करणारे रसायनज्ञ. खनिज तेलाच्या शुद्धीकरणासाठी ही कंपनी द्रवरूप सल्फर डायऑक्साइड वापरीत असे. त्यात पाण्याचा अंश शिरला की आम्ल तयार होऊन लोखंडी यंत्रसामग्री गंजू लागे. त्यामुळे द्रवातील पाणी झटपट मोजण्याची पद्धत फिशर यांना हवी होती. आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड यांची प्रक्रिया पाणी असेल तरच पुढे सरकते, हे बुन्सेन यांनी १८५३ सालीच दाखवून दिले होते. फिशर यांनी त्या प्रक्रियेला पिरिडीन या अल्कधर्मी द्रवाची आणि मेथॅनॉलची जोड दिली. पाणी संपेपर्यंत आयोडीन खर्ची पडते. पाणी संपले की आयोडीनचा पहिला जादा थेंब तसाच शिल्लक राहतो आणि द्रावण तपकिरी होते. खर्च झालेल्या आयोडीनवरून पाणी किती होते ते कळते.

आयोडीनच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू खर्ची पडतात, अशी फिशर यांची समजूत होती. ती १९३९ साली दुरुस्त झाली. अमेरिकेतील स्मिथ, ब्रायंट आणि मिचेल यांनी दाखवून दिले, की मेथॅनॉल हे केवळ विरघळवण्याचे माध्यम नसून ते स्वतः प्रक्रियेत भाग घेते आणि त्याच्या उपस्थितीत हिशेब एकास एक असा असतो. ही दुरुस्ती वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात आजच्या रिएजंट-निवडीचे निम्मे शास्त्र तिच्यावर उभे आहे. कारण मेथॅनॉल भाग घेते याचा अर्थ ते नमुन्याशीही प्रक्रिया करू शकते, आणि त्याचे प्रमाण फार घटले तर एकास एक हा हिशेबच ढळतो.

पिरिडीनचा वास असह्य आणि आरोग्याला घातक. तरीही पुढची चार-साडेचार दशके प्रयोगशाळांनी तो सोसला. १९७० च्या दशकात फेरहूफ आणि बारेन्ड्रेख्ट या डच संशोधकांनी दाखवले, की पिरिडीनचे काम द्रावणाची आम्लता योग्य टप्प्यात राखणे एवढेच आहे. हे काम दुसरे एखादे अल्कही करू शकेल. त्यानंतर १९८० च्या सुमारास जर्मनीतील ऑयगेन शोल्त्स यांनी पिरिडीनऐवजी इमिडाझोल वापरून नवी रिएजंट तयार केली. ती बिनवासाची तर होतीच, शिवाय प्रक्रियाही जलद करणारी होती.

दोन तऱ्हा, दोन मापे

केएफच्या दोन तऱ्हा आहेत आणि निवडीची पहिली पायरी इथेच येते. पहिली आकारमानी. तीत आयोडीनचे तयार द्रावण ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडले जाते आणि किती मिलिलिटर लागले त्यावरून पाणी काढले जाते. दुसरी कूलोमितीय. तीत आयोडीन बाहेरून घालत नाहीत. विजेच्या प्रवाहाने ते भांड्यातच निर्माण केले जाते आणि किती वीज खर्च झाली ते मोजले जाते. एक मिलिग्रॅम पाण्याला सुमारे १०.७ कूलोम वीज लागते. हे प्रमाण निसर्गानेच ठरवलेले असल्याने त्यात द्रावणाच्या तीव्रतेची अनिश्चितता राहत नाही.

कोणती कधी वापरायची, याचे उत्तर नमुन्यातील पाण्यावर अवलंबून असते. अॅमॉक्सिसिलिनसारखे, टक्क्यांत मोजण्याजोगे पाणी असेल तर आकारमानी तऱ्हा योग्य. रोहित्रातील तेलासारख्या, दहा लाख भागांत दहा-वीस भागच पाणी असणाऱ्या पदार्थासाठी कूलोमितीय तऱ्हाच हवी. सोनाराचा काटा वेगळा आणि धान्याच्या वखारीतला वेगळा, तसाच हा प्रकार आहे. दोन्हींत अखेरचा बिंदू आता डोळ्यांनी रंग पाहून ठरवत नाहीत. प्लॅटिनमच्या जोड-इलेक्ट्रोडला जादा आयोडीनची चाहूल लागते आणि यंत्र थांबते.

एक बाटली की दोन?

आकारमानी तऱ्हेत रिएजंट दोन प्रकारांनी मिळते. एकघटकी प्रकारात आयोडीन, सल्फर डायऑक्साइड आणि अल्क हे सारे एकाच बाटलीत असते. भांड्यात फक्त मेथॅनॉल किंवा त्याचे मिश्रण घ्यायचे. हा प्रकार सोयीचा. भांड्यातील विद्रावक नमुन्याच्या स्वभावाप्रमाणे बदलता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण एकाच बाटलीत कोंडलेले हे घटक आपसांतही हळूहळू प्रक्रिया करीत राहतात. त्यामुळे द्रावणाची तीव्रता, म्हणजे एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम पाणी हा आकडा, दिवसागणिक उतरत जातो. तो वारंवार तपासला नाही तर प्रत्येक उत्तर थोडे थोडे फुगत जाते.

दुघटकी प्रकारात आयोडीन एका बाटलीत आणि सल्फर डायऑक्साइड व अल्क दुसऱ्या बाटलीत असते. दुसरे द्रावण भांड्यात ओततात. इथे तीव्रता टिकून राहते, प्रक्रियाही लवकर संपते आणि अखेरचा बिंदू स्पष्ट मिळतो. मात्र भांड्यातील सल्फर डायऑक्साइड संपत आला की द्रावण बदलावे लागते आणि विद्रावकात फारसे फेरफार करता येत नाहीत. रोज एकाच तऱ्हेचे बरेच नमुने येणाऱ्या ठिकाणी दुघटकी, तर तऱ्हेतऱ्हेचे नमुने येणाऱ्या ठिकाणी एकघटकी, असा साधारण रिवाज आहे.

बाटलीवर आणखी एक आकडा असतो. एका मिलिलिटरला पाच, दोन किंवा एक मिलिग्रॅम पाणी, अशा तीव्रतांची रिएजंट मिळतात. पाच मिलिलिटरची ब्युरेट आणि पाचची तीव्रता असेल तर एका भरणीत २५ मिलिग्रॅम पाण्याचा हिशेब होतो. ब्युरेट साधारण निम्मी वापरली जाईल इतका नमुना घेणे उत्तम. अॅमॉक्सिसिलिनचा १०० मिलिग्रॅम नमुना घेतला तर त्यात सुमारे १३ मिलिग्रॅम पाणी असते आणि गणित नेमके जुळते. हाच नमुना दहा मिलिग्रॅम घेतला तर वजनातली बारीकशी चूकही उत्तरात मोठी होऊन उतरते.

मेथॅनॉल जिथे चालत नाही

काही नमुन्यांच्या बाबतीत मात्र नेहमीचे रिएजंटच घातक ठरते. अॅसिटोन हे त्याचे ठळक उदाहरण. अॅसिटोन हा कीटोन वर्गातला. तो मेथॅनॉलशी प्रक्रिया करतो आणि त्यातून नवे पाणी तयार होते. यंत्र ते पाणीही इमानेइतबारे मोजत राहते. अनुमापन संपता संपत नाही आणि उत्तर फुगते. अल्डिहाइड वर्गातले पदार्थ दुहेरी त्रास देतात. मेथॅनॉलशी संयोग पावून ते पाणी निर्माणही करतात आणि सल्फर डायऑक्साइडशी संयोग पावताना पाणी खाऊनही टाकतात. त्यांचा आकडा कमीही येऊ शकतो, आणि हे अधिक धोक्याचे. न संपणारे अनुमापन निदान संशय तरी निर्माण करते. नीटनेटका पण कमी आलेला आकडा कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा पदार्थांसाठी मेथॅनॉलरहित खास रिएजंट मिळतात. ती नेहमीच्या यंत्रात भरताना आधीच्या मेथॅनॉलचा अंशही उरता कामा नये.

दुसरा प्रश्न आम्लतेचा. ही प्रक्रिया सामू साधारण ५ ते ७ या टप्प्यात असताना उत्तम चालते. नमुना तीव्र आम्ल असेल तर ती रेंगाळते. तीव्र अल्क असेल तर आयोडीन भलत्याच प्रक्रियांत खर्ची पडते आणि पाणी नसतानाही असल्यासारखे दिसते. त्यावर उपाय सोपा आहे. आम्लधर्मी नमुन्यासाठी भांड्यात आधीच इमिडाझोल घालावे आणि अल्कधर्मी नमुन्यासाठी सॅलिसिलिक किंवा बेंझॉइक आम्ल.

या निवडीत हाताळणाऱ्याच्या आरोग्याचाही विचार यायला हवा. मेथॅनॉल काय करते हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. २०१५ साली मालाडच्या मालवणी भागात शंभरहून अधिक जणांचा बळी घेणाऱ्या विषारी दारूत हेच रसायन होते. पिरिडीनची जागा घेणारे इमिडाझोलही आता युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार गर्भाला घातक मानल्या जाणाऱ्या रसायनांत गणले जाते. बाजारात आता मेथॅनॉलऐवजी इथेनॉल वापरणारी आणि इमिडाझोल टाळणारी रिएजंटही उपलब्ध आहेत. जुनी पद्धत बसलेली असली तरी तिच्या जागी नवे रिएजंट चालते का, हे तपासून पाहणे प्रयोगशाळेच्या हाती असते.

नमुना : विरघळल्याशिवाय पाणी सापडत नाही

रिएजंट कितीही उत्तम असो, ते पाण्यापर्यंत पोचले तरच उपयोग. पदार्थाच्या कणात अडकलेले पाणी आयोडीनला दिसत नाही. म्हणून नमुना पूर्ण विरघळणे ही पहिली अट. चूक बहुतेक वेळा इथेच होते.

तेल, तूप, मलमे मेथॅनॉलमध्ये नीट विरघळत नाहीत. थेंब तरंगत राहतात. त्यासाठी मेथॅनॉलमध्ये क्लोरोफॉर्म किंवा, कमी विषारी पर्याय म्हणून, हेक्झॅनॉल वा डेकॅनॉलसारखे लांब साखळीचे अल्कोहोल मिसळतात. साखर असलेल्या पदार्थांना फॉर्मामाइडची मदत लागते. चॉकलेटमध्ये साखर आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही असल्याने मेथॅनॉल, क्लोरोफॉर्म आणि फॉर्मामाइड असे तिघांचे मिश्रण वापरले जाते. शिवाय भांडे ४० ते ५० अंशांपर्यंत कोमट ठेवतात. मात्र ही भेसळ मर्यादेतच हवी. फॉर्मामाइड निम्म्याहून अधिक नको आणि मेथॅनॉलचा हिस्सा पाव हिश्शाखाली जाता कामा नये. एकास एक हा हिशेब मेथॅनॉलवरच उभा आहे, हे वर आलेच आहे. आणखी एक पथ्य म्हणजे द्रावणाची तीव्रताही त्याच मिश्रणात तपासलेली असावी.

गोळ्या आणि कडक दाणे दळावे लागतात. पण दळणे हे दुधारी शस्त्र आहे. कण बारीक झाले की पाणी सहज बाहेर येते, हे खरे. त्याच वेळी पृष्ठभाग वाढल्याने पूड हवेतला ओलावा ओढू लागते, तर घर्षणाच्या उष्णतेने तिचे स्वतःचे पाणी उडूही शकते. उघड्या खलात सावकाश कुटत बसणे म्हणूनच वर्ज्य. बंद भांड्यात, थंड ठेवून, थोडा वेळ दळावे आणि लगेच वजन करावे. भांड्यातच वेगाने फिरणारे पाते बसवून विद्रावकाच्या आत नमुना कापण्याची सोयही काही यंत्रांत असते. त्यात हवेचा संबंधच येत नाही.

गोवर, बीसीजी यांसारख्या लसी शीतशुष्क पुडीच्या रूपात कुपीत भरतात. तिथे कुपी उघडणे हीच चूक ठरते. रबरी बुचातून सुईने कोरडे मेथॅनॉल आत सोडायचे, कुपी हलवून पाणी त्यात उतरवायचे आणि तेच मेथॅनॉल पुन्हा सुईने ओढून यंत्रात टाकायचे, अशी रीत आहे. त्या मेथॅनॉलमध्ये मुळात किती पाणी होते ते वेगळे मोजून वजा करावे लागते. ते विसरले तर लस आहे त्यापेक्षा ओली ठरते.

पावसाळी हवेचे दोन मिलिलिटर

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर या सगळ्याला आणखी एक धार येते. तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के, हा मुंबईच्या पावसाळ्यातला नेहमीचा दिवस. अशा हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे २६ मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. आता रोहित्राच्या तेलाचा नमुना घेऊ. तेलात ओलावा वाढला की त्याची विद्युतरोधक शक्ती घटते आणि आतला कागद लवकर जीर्ण होतो. म्हणून ही तपासणी महत्त्वाची. पाच ग्रॅम तेलात दहा लाखांत दहा भाग पाणी असेल तर ते भरते ५० मायक्रोग्रॅम. नेमके तेवढेच पाणी त्या दमट हवेच्या दोन मिलिलिटरमध्ये असते. सिरिंजमध्ये राहिलेला हवेचा एक बुडबुडा उत्तर दुप्पट करण्यास पुरेसा आहे.

म्हणून तेलाचा नमुना काचेच्या, हवा न शिरणाऱ्या सिरिंजमध्येच घ्यायचा, आधी थोड्या तेलाने ती विसळून टाकायची, बुडबुडे बाहेर काढायचे आणि यंत्राचे झाकण न उघडता रबरी पडद्यातून तेल आत सोडायचे. सिरिंजचे वजन आधी आणि नंतर करून फरकावरून नमुना ठरवायचा. भांड्याच्या तोंडाशी ओलावा शोषणाऱ्या रेणवीय चाळणीची नळी असते. ती वेळेवर बदलली नाही तर यंत्र जणू उघडेच पडते.

भांड्यात बाहेरून सतत झिरपणाऱ्या या पाण्याला प्रयोगशाळेत ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. तो मिनिटाला दहा मायक्रोग्रॅम असेल आणि अनुमापनाला तीन मिनिटे लागली तर ३० मायक्रोग्रॅम जादा जमा होतात. अॅमॉक्सिसिलिनच्या १३ मिलिग्रॅमपुढे हे नगण्य. तेलाच्या ५० मायक्रोग्रॅमपुढे मात्र निम्म्याहून अधिक. यंत्र हा ड्रिफ्ट वजा करते, पण तो स्थिर असेल तरच ती वजाबाकी खरी ठरते.

आयोडीनला फसवणारे पदार्थ

काही पदार्थ नीट विरघळूनही दगा देतात. जीवनसत्त्व ‘क’ हे त्यांतले प्रमुख. ते स्वतःच आयोडीन फस्त करते आणि यंत्र तो खर्च पाण्याच्या नावावर मांडते. आम्लपित्तावरच्या गोळ्यांत अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची हायड्रॉक्साइडे असतात. प्रक्रियेत तयार होणाऱ्या आम्लाशी त्यांचा संयोग होऊन नवे पाणी जन्माला येते. ऑक्साइडे आणि काही कार्बोनेटे यांचीही तीच गत.

अशा वेळी नमुना रिएजंटला भेटूच द्यायचा नाही, हा मार्ग उरतो. नमुना बंद कुपीत घालून छोट्या भट्टीत तापवतात आणि कोरड्या नायट्रोजनचा झोत त्यातून निघालेले पाणी तेवढे वाहून यंत्रात नेतो. पदार्थ भट्टीतच राहतो. पण इथेही तापमानाची निवड जपून करावी लागते. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या जीवनसत्त्व ‘क’च्या गोळ्यांत खाण्याचा सोडाही असतो. तापमान वाढवले की सोड्याचे विघटन होऊन त्यातून पाणी निघते, आणि जे मुळात पाणी नव्हते तेही मोजले जाते. तापमान हळूहळू चढवत पाणी कोणत्या टप्प्यावर सुटते आणि विघटन कुठे सुरू होते हे पाहूनच भट्टीचे तापमान ठरवावे लागते.

आकडा खरा कशावरून?

सुदैवाने, चूक पकडण्याच्या काही सोप्या कसोट्या आहेत. पहिली प्रमाणित पदार्थाची. सोडियम टार्ट्रेटच्या स्फटिकात १५.६६ टक्के पाणी असते आणि सामान्य हवेत ते बदलत नाही. यंत्राने तेवढेच दाखवले तर रिएजंट आणि यंत्र ठाकठीक आहे. मात्र हा पदार्थ मेथॅनॉलमध्ये सावकाश विरघळतो. बारीक पूड करून पुरेसे ढवळले नाही तर निर्दोष यंत्रही दोषी ठरते. ठरावीक पाणी असलेली द्रवरूप प्रमाणके बंद कुप्यांत मिळतात, ती अधिक सोयीची.

दुसरी कसोटी नमुन्याची. नमुना दुप्पट घेतला तर पाणीही दुप्पट यायला हवे. टक्केवारी तीच राहायला हवी. ती बदलली तर काहीतरी विरघळत नाही किंवा भलतीच प्रक्रिया चालू आहे, असे समजावे. तिसरी कसोटी म्हणजे मोजमाप झाल्यावर त्याच भांड्यात माहीत असलेले पाणी घालून ते पुरेपूर परत मिळते का, हे पाहणे. चौथी सर्वांत स्वस्त, कारण तिला काहीच लागत नाही. अनुमापनापूर्वीचा ड्रिफ्ट आणि नंतरचा ड्रिफ्ट यांची तुलना करावी. नंतरचा वाढलेला राहिला तर नमुना अजून पाणी सोडतो आहे किंवा रिएजंटशी झगडतो आहे.

लहान उद्योजक अनेकदा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून ओलाव्याची तपासणी करून घेतात आणि अहवालावरचा एकच आकडा पाहतात. त्यांनी निदान चार गोष्टी विचाराव्यात : अनुमापन आकारमानी होते की कूलोमितीय, विद्रावक कोणता वापरला, नमुना किती वजनाचा घेतला आणि द्रावणाची तीव्रता शेवटची कधी तपासली. ‘पाणी ०.४२ टक्के’ एवढेच लिहिलेला अहवाल आणि या चार नोंदींसह आलेला अहवाल, यांत मोठे अंतर आहे. पहिल्या अहवालावर विसंबून चांगली बॅच फेकून दिली जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे सादळलेली बॅच दुकानात पोचू शकते; आणि औषध विकत घेणाऱ्याला ती ओळखण्याचे कोणतेच साधन नसते.